साठ डॉलरचे विद्यालय : मेरी लायन यांची जीवनकथा

सेमिनरी हा शब्द कानी पडला की आपल्या धर्मग्रामांतील भाविकांच्या डोळ्यांसमोर गोरेगावची सेमिनरी उभी राहते. धर्मगुरू घडविण्याची जागा, एवढाच त्या शब्दाचा अर्थ आपल्याकडे रूढ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत मात्र हा शब्द मुलींच्या वरच्या शाळेलाही लावीत असत. मुलींना कॉलेजची दारे तेव्हा बंद होती. त्यांच्यासाठी असत त्या सेमिनरी. त्यांतल्या बहुतेक चार-सहा वर्षे चालत आणि चालविणाऱ्या बाई आजारी पडल्या, लग्न करून गेल्या किंवा वारल्या की बंद होत. शिवाय तिथली फी सुखवस्तू घरांनाच परवडणारी असे. हे दोन्ही दोष एकाच वेळी दूर करायचे, असा निश्चय एका शेतकऱ्याच्या मुलीने केला आणि तो तडीस नेला. त्यांचे नाव मेरी लायन.

मेरीचा जन्म २८ फेब्रुवारी १७९७ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील बकलंड या डोंगराळ गावी झाला. आठ भावंडांत तिचा क्रमांक सहावा. ती पाच वर्षांची असताना वडील वारले आणि खडकाळ जमिनीचे ते शेत सांभाळण्याचे ओझे आईवर पडले. मेरी तेरा वर्षांची झाली तेव्हा आईने पुनर्विवाह केला आणि ती दुसऱ्या गावी राहायला गेली. मेरी मात्र थोरला भाऊ ॲरन याचे घर सांभाळण्यासाठी शेतावरच राहिली. स्वयंपाक, धुणे, सूत कातणे, विणणे, भाकरी भाजणे या साऱ्या कामांबद्दल भाऊ तिला आठवड्याला एक डॉलर देई. बहिणीच्या घरकामाचा मोबदला देणारा भाऊ आजही विरळाच. तेव्हा तर तो अपवादच म्हणायला हवा. तो डॉलर मेरी शिक्षणासाठी साठवीत असे.

सतराव्या वर्षी, १८१४ साली, शेजारच्या गावी उन्हाळी शाळेत तिला शिक्षिकेची नोकरी मिळाली. पगार आठवड्याला पाऊण डॉलर, जेवण गावातल्या घरी. त्याच कामासाठी पुरुष शिक्षकाला याच्या कितीतरी पट अधिक मिळत असे. तीन वर्षांनी, १८१७ साली, ती ॲशफील्ड येथील सँडरसन अकॅडमीत दाखल झाली. साठवलेले पैसे संपले तेव्हा तिने स्वतः कातून विणलेली पांघरुणे आणि चादरी देऊन राहण्या-जेवणाचा खर्च भागविला. रात्री चार तास झोप आणि उरलेला वेळ पुस्तकांना, असा तिचा क्रम होता. तिने अवघ्या तीन दिवसांत लॅटिनचे व्याकरण पाठ केले, अशी आख्यायिका आहे. ज्यांनी सेमिनरीत लॅटिनच्या विभक्ती घोकल्या आहेत, त्यांना त्या तीन दिवसांचे मोल निराळे सांगायला नको.

१८२१ साली बायफील्ड येथे रेव्हरंड जोसेफ इमर्सन यांच्या शाळेत त्या शिकायला गेल्या. पुरुषांशी जितक्या गंभीरपणे बोलावे तितक्याच गंभीरपणे स्त्रियांशी बोलणारा शिक्षक त्यांना तिथे प्रथम भेटला. झिल्पा ग्रँट ही जन्माची मैत्रीणही तिथेच भेटली. पुढची अनेक वर्षे या दोघींनी एकत्र अध्यापन केले, आधी न्यू हॅम्पशायरमध्ये आणि मग १८२८ पासून इप्सविच येथे.

त्यांच्या श्रद्धाजीवनाविषयी इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी एका रविवारी प्रवचन ऐकून घरी परतताना देवाच्या प्रीतीची जाणीव आपल्याला झाली, असे त्यांना वाटले होते. तरीही त्या बाप्तिस्मा घेऊन मंडळीत सामील झाल्या त्या १८२२ साली. मध्ये सहा वर्षे गेली. त्यांची मंडळी काँग्रिगेशनल पंथाची, म्हणजे प्रोटेस्टंट होती. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने विभक्त बांधवांमधील पवित्र आत्म्याचे कार्य आदराने पाहायला आपल्याला शिकविले आहे. त्याच दृष्टीने हे चरित्र वाचावे.

इप्सविचच्या शाळेचे नाव मोठे होते. पण शाळेला स्वतःची इमारत नव्हती, निधी नव्हता, आणि फी अशी की बकलंडसारख्या गावच्या मुलीने तिथे पाऊल टाकण्याचा विचारही करू नये. आपण ज्या घरातून आलो त्या घरातल्या मुलींना आपल्याच शाळेत जागा नाही, हे शल्य मेरी लायन यांना बोचत राहिले. त्यांनी नोकरी सोडण्याचे ठरविले. मुलींसाठी कायमस्वरूपी संस्था उभी करायची, ती कोणा एका व्यक्तीच्या मालकीची नसून विश्वस्त मंडळाच्या हाती असावी, आणि तिची फी शेतकऱ्याला आणि कारागिराला परवडावी, असा त्यांचा बेत होता. ६ सप्टेंबर १८३४ रोजी इप्सविच येथे काही धर्मसेवक आणि गृहस्थ यांची बैठक झाली आणि कामाला आरंभ झाला.

या तारखेपाशी कॅथोलिक वाचकाने क्षणभर थांबावे. अवघ्या चार आठवड्यांपूर्वी, ११ ऑगस्टच्या रात्री, त्याच राज्यात बॉस्टनजवळच्या चार्ल्सटाउन येथील उर्सुलाइन धर्मभगिनींचा मठ कॅथोलिकविरोधी जमावाने जाळून टाकला होता. त्या मठात धर्मभगिनी मुलींची निवासी शाळा चालवीत आणि तिथल्या बहुसंख्य विद्यार्थिनी सुखवस्तू प्रोटेस्टंट घरांतल्या होत्या. मध्यरात्री मुलींना घेऊन धर्मभगिनी बागेच्या मागच्या बाजूने निसटल्या म्हणून जीव वाचले. राज्याने त्या मठाची भरपाई कधीही दिली नाही. मुलींना एकत्र ठेवून उच्च शिक्षण देणारी, अविवाहित स्त्रियांनी चालविलेली संस्था हा विषयच त्या काळी किती नाजूक होता, हे यावरून ध्यानात यावे. पुढे टीकाकारांनी मेरी लायन यांच्या विद्यालयाला प्रोटेस्टंट मठ म्हणून हिणवले, तेव्हा त्या हिणवण्यात चार्ल्सटाउनच्या आगीची धग थोडीबहुत होतीच.

पैसा जमविण्याचे काम मेरी लायन यांनी स्वतः केले. इप्सविचच्या शिक्षिका, विद्यार्थिनी आणि गावातल्या स्त्रिया यांच्याकडून त्यांनी प्रथम सुमारे हजार डॉलर गोळा केले. मग हिरव्या मखमलीची एक पिशवी हाती घेऊन त्या गावोगाव हिंडू लागल्या. घोडागाडीत अनोळखी पुरुषांशी बोलत, शेतघरांच्या स्वयंपाकघरात बायकांसमवेत बसत. अविवाहित स्त्रीने एकटीने प्रवास करून वर्गणी मागावी, हे त्यांच्या हितचिंतकांनाही रुचेना. त्यांनी ते मनावर घेतले नाही. मोठ्या सावकारांच्या दारीही त्या गेल्या, पण त्यांचा खरा भर होता तो छोट्या देणग्यांवर, कारण ज्यांच्या मुली शिकणार त्यांनाच ही संस्था आपली वाटायला हवी होती. सुमारे अठराशे लोकांकडून मिळून जवळजवळ सत्तावीस हजार डॉलर जमले. त्यांत हजार डॉलरची देणगी होती आणि सहा सेंटचीही होती. देवळाच्या बांधकामासाठी घरोघर फिरलेल्या कोणाही धर्मगुरूला ही यादी ओळखीची वाटेल.

नावावरून एक गंमत झाली. प्राध्यापक एडवर्ड हिचकॉक या भूगर्भशास्त्रज्ञाने ग्रीक शब्द जोडून पॅनजिनास्कियन असे भारदस्त नाव सुचविले. स्त्रीच्या सर्व शक्तींचा विकास असा त्याचा अर्थ. वर्तमानपत्रांनी त्याची यथेच्छ टर उडविली आणि ते नाव मुकाट्याने मागे पडले. साउथ हॅडली गावाजवळच्या डोंगराचे नाव विद्यालयाला मिळाले : माउंट होल्योक फीमेल सेमिनरी. ११ फेब्रुवारी १८३६ रोजी राज्याची सनद मिळाली आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोनशिला बसली. बांधकाम चालू असताना भिंती एकदा ढासळल्या. मजूर त्या वेळी न्याहारीला गेले होते म्हणून कोणाला इजा झाली नाही. मेरी लायन यांच्या लेखी नुकसानीपेक्षा हीच बातमी मोठी होती.

८ नोव्हेंबर १८३७ रोजी विद्यालय उघडले. ते वर्ष अमेरिकेत आर्थिक मंदीचे होते, बँका बुडाल्या होत्या, तरी सुमारे ऐंशी मुली आल्या. चार मजल्यांची विटांची इमारत उभी होती, पण दाराला पायऱ्या नव्हत्या, रंगकाम अपुरे होते, सामान वाटेत अडकले होते. विश्वस्त सॅफर्ड कोट काढून, गुडघे टेकून जमिनीवर चटया ठोकीत होते आणि पोर्टरबाई भांडी विसळीत होत्या. प्रवेशपरीक्षा द्यायला आलेल्या मुली जागा मिळेल तिथे, जिन्यावरसुद्धा बसल्या. त्या गोंधळातून मेरी लायन हसतमुखाने वावरत होत्या. त्यांचे वय चाळीस होते आणि त्यांनी मनात धरलेली गोष्ट समोर उभी होती.

वर्षाची फी, राहणे-जेवणे धरून, साठ डॉलर. तोडीच्या दुसऱ्या विद्यालयांत याच्या दुपटीहून अधिक लागे. हे कसे जमले? पहिले उत्तर असे की मेरी लायन यांनी स्वतःचा पगार वर्षाला दोनशे डॉलर ठरविला आणि तो कधी वाढविला नाही. त्यातलाही जवळजवळ निम्मा त्या मिशनकार्याला देत. शिक्षिकांनाही त्यांनी अल्प वेतनावर काम करायला लावले. यावर झिल्पा ग्रँट यांच्यासह अनेकांचा आक्षेप होता आणि तो अगदीच गैर म्हणता येणार नाही. त्याग ज्याने त्याने आपापल्या मनाने करायचा असतो. दुसऱ्याच्या पगारातून तो कापून घेऊ नये, असे आम्हांला वाटते. धर्मप्रांतीय शाळांच्या संचालकांनीही यावर विचार करण्यास हरकत नाही.

दुसरे उत्तर म्हणजे घरकामाची व्यवस्था. विद्यालयात नोकर ठेवलाच नाही. प्रत्येक मुलीने रोज साधारण तासभर काम करायचे. मुलींचे गट पाडलेले असत : एक पावाचा, एक पक्वान्नाचा, एक धुण्याचा, एक झाडलोटीचा. कोणी पहाटे चूल पेटवी, कोणी पीठ मळी, कोणी पाटा-भांडी घाशी. कोणाला कोणते काम जमेल हे मेरी लायन स्वतः ठरवीत आणि आरंभीची भट्टी नीट लागावी म्हणून स्वतः पीठ मळायला उभ्या राहत. ही गृहिणी घडविण्याची शाळा आहे, असा अनेकांचा समज झाला. तो चुकीचा होता. घरकाम मुलींनी आपल्या आईकडून शिकावे, त्यासाठी विद्यालय नको, असेच त्यांचे मत होते. काम होते ते फी कमी ठेवण्यासाठी. त्यातून आणखी एक गोष्ट आपोआप साधली : सावकाराची मुलगी आणि सुताराची मुलगी एकाच परातीवर वाकू लागल्या.

भांडी घासून झाली की मुली वर्गात जात आणि तिथे कोणतीही सवलत नसे. सोळा वर्षांखालील मुलीला प्रवेश नव्हता आणि प्रवेशपरीक्षा कडक होती. युक्लिडची भूमिती, बीजगणित, तर्कशास्त्र, वनस्पतिशास्त्र, भूगर्भशास्त्र, शरीरशास्त्र असा तीन वर्षांचा क्रम होता. पुढे लॅटिनही आली. रसायनशास्त्र मेरी लायन स्वतः शिकवीत आणि प्रयोग नुसते दाखवीत नसत, मुलींकडून करवून घेत. व्यायाम सक्तीचा, रोज मैलभर चालणे सक्तीचे. दुसऱ्याच वर्षापासून जागेअभावी शेकडो मुलींना परत पाठवावे लागले.

१८३८ च्या जूनमध्ये एके दिवशी वर्ग बंद ठेवून मुलींना माउंट होल्योक डोंगरावर नेण्यात आले. खाली कनेक्टिकट नदीचे मोठे वळण दिसते. चित्रकार टॉमस कोल याने ते दोनच वर्षांपूर्वी आपल्या प्रसिद्ध चित्रात रंगविले होते. पुस्तकात वाचलेला भूगोल आणि भूगर्भ मुलींनी डोळ्यांनी पाहावा, हा हेतू. तो दिवस विद्यालयाची परंपरा बनला. आजही शरद ऋतूत एका सकाळी अचानक घंटा घणघणतात, त्या दिवशीचे तास रद्द होतात आणि विद्यार्थिनी डोंगराकडे निघतात. दिवस कोणता, हे आधी कोणाला सांगितलेले नसते. तिथल्या दुसऱ्या एका परंपरेची गंमत जेवणाच्या टेबलावरची आहे. आरंभापासूनचे विश्वस्त अँड्र्यू पोर्टर हे डीकन होते, म्हणजे आपल्याकडील डीकनसारखे दीक्षित नव्हेत, तर मंडळीच्या कारभारात हात असलेले प्रापंचिक. त्यांच्या उंच टोपीच्या आकाराचे वाफवलेले एक पक्वान्न डीकन पोर्टरची टोपी या नावाने तिथे प्रसिद्ध आहे. संस्थापकांचे पुतळे पुष्कळ ठिकाणी असतात. विश्वस्ताची टोपी खाण्याचा मान बहुधा याच विद्यालयाचा.

आता एका कठीण गोष्टीकडे वळू. विद्यालयात मुलींची श्रद्धेवरून तीन गटांत नोंद होत असे : ज्यांनी ख्रिस्तावरील विश्वास जाहीर केला आहे त्या, ज्यांना तारणाची आशा वाटते त्या, आणि ज्यांना आशा नाही त्या. तिसऱ्या गटातील मुलींसाठी खास सभा होत, त्यांच्यासाठी प्रार्थना होत आणि मनधरणीही होई. १८४७ साली ॲम्हर्स्टहून आलेली सोळा वर्षांची एक मुलगी या तिसऱ्या गटात होती. घरकामात तिच्याकडे जेवणाच्या सुऱ्या गोळा करून धुण्यापुसण्याचे काम होते. अभ्यासात ती हुशार होती, शिक्षिकांवर तिचा राग नव्हता, पण मनात नसलेली गोष्ट ती जाहीर करीना. वर्षभराने ती घरी परतली. तिचे नाव एमिली डिकिन्सन. पुढे ती अमेरिकेच्या थोर कवींपैकी एक ठरली आणि देव, मरण, अनंतकाळ यांच्याशी तिने आयुष्यभर आपल्या कवितांतून झुंज घेतली.

मेरी लायन यांना मुलींच्या आत्म्यांची चिंता होती आणि ती खरी होती, याबद्दल शंका नाही. परंतु कबुलीच्या खोलीत बसणाऱ्या माणसाला ठाऊक असते की आत्म्याची अशी रकान्यांत नोंद होत नाही. ज्या स्त्रीला स्वतःला सहा वर्षे थांबावे लागले, तिने सोळा वर्षांच्या मुलीला वर्षाचीही सवड देऊ नये, हे आम्हांला खटकते. त्यांच्या कार्याबद्दल पूर्ण आदर ठेवून ते इथे नोंदवतो.

मिशनची ओढ मात्र त्यांनी आधी स्वतःला लावून घेतली होती. १८४३ साली इराणमधील उर्मिया येथे, पूर्वेकडील प्राचीन सिरियन परंपरेच्या ख्रिस्ती मुलींसाठी शिक्षिका हवी होती. फिडेलिया फिस्क ही तरुण शिक्षिका तयार झाली. तिच्या आईची संमती मिळावी म्हणून मेरी लायन भर हिवाळ्यात, बर्फातून, तीस मैल घसरगाडीने तिला घेऊन गेल्या. उर्मियाच्या त्या शाळेत फिस्कबाईंनी पंधरा वर्षे काम केले. दक्षिण आफ्रिकेत वेलिंग्टन येथे १८७४ साली निघालेले ह्युगनॉट विद्यालय तर माउंट होल्योकच्याच नमुन्यावर, तिथल्याच दोन माजी विद्यार्थिनींनी उभे केले.

याच धाग्याचे एक टोक आपल्या महाराष्ट्रापर्यंत येते. मेरी लायन यांची भाची ॲबिगेल मूर ही विद्यालयात त्यांचा उजवा हात होती. १८४६ साली तिने रेव्हरंड एबेनेझर बर्जेस यांच्याशी विवाह केला आणि ती अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) अमेरिकन मराठी मिशनमध्ये आली. मराठी शाळांसाठी खगोलशास्त्राचे पाठ्यपुस्तक तयार करताना बर्जेस सूर्यसिद्धान्ताकडे वळले आणि त्या ग्रंथाचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १८६० साली प्रसिद्ध झाला. ॲबिगेलबाईंनी तो पाहिला नाही. १८५३ साली त्या भारतातच निवर्तल्या. सिंथिया फरार या अमेरिकन मिशनरी बाईंची मुलींची शाळा त्याच काळात अहमदनगरात चालू होती, आणि सावित्रीबाई फुले यांनी तिथेच अध्यापनाचे धडे घेतले असे सांगतात. सावित्रीबाईंनी पुण्यात १८४८ साली अध्यापनाला आरंभ केला, तेव्हा साउथ हॅडलीत मेरी लायन अजून रसायनशास्त्र शिकवीत होत्या. दोघींनी एकमेकींचे नाव ऐकले असण्याचा संभव नाही.

भाची महाराष्ट्रात गेली त्याच सुमारास पुतणी लूसी लायनही चीनला गेली. ज्या दोघींवर विद्यालय सोपवावे असे मनात असावे, त्या दोघींनाही त्यांनी अडविले नाही. घर मात्र रिकामे झाले. प्रकृतीही आता साथ देईना.

१८४९ च्या हिवाळ्याच्या अखेरीस विद्यालयातील एका मुलीला विसर्प हा सांसर्गिक रोग झाला. अंगावर लालबुंद चट्टे आणि तीव्र ताप, असा तो रोग. तेव्हा त्यावर औषध नव्हते. मुली घाबरल्या, काहींच्या घरून बोलावणी येऊ लागली. मेरी लायन स्वतः सर्दीतापाने बेजार असताना त्या रुग्ण मुलीजवळ जात राहिल्या आणि बाकीच्यांना धीर देत राहिल्या. मुलगी दगावली. रोगाने मग त्यांनाच गाठले. त्यातच एका पुतण्याने आत्महत्या केल्याची बातमी आली आणि उरलेली शक्तीही गेली. ५ मार्च १८४९ रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्यांनी प्राण सोडला. विद्यालयाच्या आवारातच, झाडांखाली, त्यांना पुरण्यात आले.

चालविणाऱ्या बाई वारल्या म्हणजे सेमिनरी बंद, हा त्या काळचा रिवाज होता. ही बंद पडली नाही. १८७५ साली उघडलेल्या वेलस्ली कॉलेजची पहिली अध्यक्षा इथूनच शिकून गेलेली होती. १८८८ साली सेमिनरीला कॉलेजचा दर्जा मिळाला आणि १८९३ मध्ये तिचे नाव माउंट होल्योक कॉलेज झाले. २७ सप्टेंबर १८९६ रोजी आगीत ती पहिली विटांची इमारत पूर्ण जळाली, तेव्हा गावकऱ्यांनी मुलींना आपापल्या घरी ठेवून घेतले आणि वर्ग चालू राहिले. घरकामाची पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी मागे पडली.

समाधी मात्र जागेवर आहे. भोवती लोखंडी कुंपण आहे. पदवीदानाच्या आदल्या दिवशी माजी विद्यार्थिनी पांढऱ्या वेषात मिरवणुकीने येतात आणि पदवी घेणाऱ्या मुली लॉरेलच्या पानांची लांबच लांब माळ खांद्यावरून आणून त्या कुंपणाभोवती गुंडाळतात. १८९१ साली अध्यक्षा एलिझाबेथ स्टोर्स मीड यांनी संस्थापक दिन पाळण्यास आरंभ केला. तो ८ नोव्हेंबरच्या जवळच्या रविवारी असतो. त्या दिवशी भल्या सकाळी, कडाक्याच्या थंडीत, झोपेतून उठून आलेल्या विद्यार्थिनी समाधीपाशी रांग लावतात आणि कॉलेजचे वरिष्ठ स्वतःच्या हाताने त्यांना आइस्क्रीम वाढतात.